त्या पायऱ्यांवर कोण बसायचं?



गेल्या महिन्यात आठवीच्या वर्गावर आम्हाला ऑफ तास आला. इतिहासाच्या मॅडम रजेवर होत्या. ऑफ तासाला मुलं काय करतात ते सांगायला नको, म्हणून आम्ही प्रोजेक्टर लावला आणि रोमच्या कोलोसियमची छायाचित्रं दाखवायला घेतली. अर्धी ढासळलेली भिंत, कमानींवर कमानी, मधे उघडा पडलेला तळ. मुलांनी ठरलेले प्रश्न विचारले. सिंह कुठून आणायचे? तलवारी खऱ्या होत्या का? हरलेल्याला मारूनच टाकायचे का? शेवटच्या बाकावरची एक मुलगी मात्र गप्प बसून चित्राकडे पाहत होती. ती म्हणाली, "सर, लढणारे दोघंच ना? मग एवढ्या पायऱ्यांवर कोण बसायचं?"

आम्ही म्हणालो, "लोक. गावातले साधे लोक."

"आपल्यासारखे?"

तेवढ्यात घंटा झाली आणि उत्तर राहून गेलं. या महिन्याचं सदर म्हणजे ते राहिलेलं उत्तर आहे.

आधी शब्द समजून घेऊ. ग्रीक-रोमन नाट्यगृह अर्धवर्तुळाकार असतं. एका बाजूला रंगमंच, समोर पायऱ्या. अ‍ॅम्फीथिएटरमध्ये पायऱ्या चहूबाजूंनी फिरतात आणि मधे अंड्याच्या आकाराचं मोकळं मैदान उरतं. या मैदानात वाळू पसरलेली असे. वाळूला लॅटिनमध्ये 'हरेना' म्हणत, त्यावरूनच आजचा 'अरीना' हा शब्द आला. खेळाडूंच्या नव्या स्टेडियमला आपण हौसेने अरीना म्हणतो, पण मूळ अर्थ नुसता वाळू. ती वाळू रक्त शोषून घेई. खेळ झाला की वरून नवी वाळू टाकायची, की मैदान पुन्हा स्वच्छ.

अशा दोनशेहून अधिक वास्तूंचे अवशेष आज ठाऊक आहेत. इंग्लंडपासून ट्युनिशियापर्यंत ते विखुरलेले आहेत. लंडनमधला आखाडा १९८८ साली गिल्डहॉलच्या अंगणाखाली सापडला. आता त्या अंगणातल्या फरशीत गडद दगडाची वक्र रेघ आखून त्याची जागा दाखवली आहे. रोज माणसं त्या रेघेवरून ये-जा करतात.

सगळ्यांत मोठं कोलोसियम. सम्राट व्हेस्पेशियनने ते बांधायला घेतलं आणि त्याचा मुलगा टायटस याने इ.स. ८० मध्ये खुलं केलं. याच टायटसच्या फौजेने इ.स. ७० मध्ये जेरुसलेम, म्हणजे आपण बैतुल मुकद्दस म्हणतो ते शहर, उद्ध्वस्त केलं होतं. कोलोसियमचा खर्च त्या लुटीतून निघाला, असं एका शिलालेखाच्या अभ्यासावरून संशोधक मानतात. उद्घाटनाचे खेळ १०० दिवस चालले. त्या काळात ९,००० जनावरं मारली गेली, असं डिओ या इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे.

मुलीच्या प्रश्नामुळे आम्ही घरी वही घेऊन बसलो. कोलोसियमची लांबी सुमारे १८८ मीटर, रुंदी १५६ मीटर. मधला आखाडा सुमारे ८३ बाय ४८ मीटर. लंबवर्तुळाच्या सूत्राने हिशेब केला, तर आखाड्याच्या वाट्याला एकूण जागेचा जेमतेम सातवा हिस्सा येतो. बाकी सहा हिस्से पाहणाऱ्यांसाठी! मरणाऱ्याला लागणारी जागा थोडी आणि बघणाऱ्यांची सोय मोठी. लढवय्यांची इमारत असं आपण ज्याला समजतो, ती खरं तर प्रेक्षकांची इमारत होती.

आणि सोय तरी किती! खालच्या मजल्यावर ८० कमानी. त्यांपैकी ७६ वर आकडे कोरलेले. आपल्या हातातल्या बिल्ल्यावरचा आकडा पाहून त्या कमानीतून आत शिरायचं, म्हणजे गर्दीत चेंगराचेंगरी नाही. काही कमानींवरचे आकडे आजही वाचता येतात. साधारण ५०,००० माणसं बसत असावीत, काही अंदाज त्याहूनही मोठे आहेत. प्रवेश फुकट. ऊन लागू नये म्हणून वर कापडी छत ताणलेलं, आणि दोरखंड सांभाळायला आरमारातले खलाशी नेमलेले. पुढच्या रांगा सरदारांच्या, मधल्या नागरिकांच्या, सगळ्यांत वर बायका आणि गरीब. वरच्या रांगेतून खालचा माणूस बोटाएवढा दिसत असणार. त्याचा चेहरा दिसत नाही, आवाज पोचत नाही. दिसते ती फक्त हालचाल.

मैदानाखाली दोन मजली तळघर होतं. तिथल्या अंधारात पिंजरे आणि हाताने फिरवायचे रहाट. माणसं रहाट फिरवत, पिंजरा वर येई, झडप उघडे आणि वाळूतून अचानक बिबट्या उगवे. प्रेक्षकांना तो पिंजरा कधी दिसला नाही आणि रहाट ओढणारेही दिसले नाहीत.

आता आफ्रिकेकडे जाऊ, कारण तिथल्या अवशेषांत प्रेक्षकांचा आवाज जपून राहिला आहे.

ट्युनिशियात सूस आणि सफाक्स या शहरांच्या मधे अल-जेम नावाचं गाव आहे. रोमन काळात त्याचं नाव थिस्ड्रस. ऑलिव्हच्या तेलावर हे गाव श्रीमंत झालं. इ.स. २३८ च्या सुमारास इथे एक अ‍ॅम्फीथिएटर उभं राहिलं. लांबी १४८ मीटर, रुंदी १२२ मीटर, क्षमता सुमारे ३५,००० माणसांची. आज त्या गावाची जेवढी वस्ती आहे, त्याहून जास्त माणसं त्याच्या पायऱ्यांवर मावली असती. टेकडीचा आधार नाही, सपाट जमिनीवर दगडावर दगड रचून उभं केलेलं. बसक्या पांढऱ्या घरांच्या मागे ती तीन मजली कमानींची भिंत छायाचित्रात पाहिली, तरी छाती दडपते. १९७९ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

याच भागात स्मिरात नावाच्या ठिकाणी तिसऱ्या शतकातली एक फरशी सापडली. रंगीत दगडांचे बारीक तुकडे बसवून काढलेलं चित्र. ती आता सूसच्या संग्रहालयात आहे. मॅजेरियस नावाच्या धनिकाने गावाला बिबट्यांच्या शिकारीचा खेळ दाखवला, त्याची ही आठवण. चार शिकारी, चार बिबटे. प्रत्येकाचं नाव लिहिलेलं, बिबट्यांचंसुद्धा. एकाचं नाव व्हिक्टर, म्हणजे विजेता, आणि त्याच्याच अंगात भाला घुसलेला! मधे एक नोकर तबक घेऊन उभा आहे. तबकात पैशांच्या चार थैल्या. बाजूला मजकूर आहे. पुकारा करणारा शिकाऱ्यांसाठी दर बिबट्यामागे ५०० दीनार मागतो. मॅजेरियसने १,००० दिले. मग जमावाचा जयघोष लिहिला आहे: असा खेळ कधी झाला नाही, याला म्हणतात श्रीमंती, याला म्हणतात सत्ता.

विचार करा, त्या गृहस्थाला काय जपून ठेवावंसं वाटलं. लोकांनी केलेला आपल्या नावाचा पुकारा! पैसे त्याने मोजले ते त्या आवाजासाठी. पायऱ्या रिकाम्या असत्या, तर बिबटे मारायला त्याने एक दीनारही खर्चला नसता.

पायऱ्यांवरची माणसं तिथे बसून होती तशीच राहत होती का? पाँपेईत याचं उत्तर सापडतं. तिथलं अ‍ॅम्फीथिएटर इ.स.पू. ७० च्या सुमाराचं. दगडात बांधलेल्यांपैकी आज उभं असलेलं सगळ्यांत जुनं. इ.स. ५९ मध्ये इथे खेळ होता आणि शेजारच्या न्युसेरिया गावचे लोकही पाहायला आले होते. आधी टोमणे, मग शिव्या, मग दगड, मग तलवारी. प्रेक्षकांनी प्रेक्षकांना मारलं. किती तरी घरांतली मुलं आणि बाप गेले. टॅसिटसने ही हकीकत लिहिली आहे, आणि त्या दंगलीचं रंगीत भित्तिचित्रही पाँपेईच्या एका घरात सापडलं. रोमच्या सिनेटने तिथल्या खेळांवर १० वर्षांची बंदी घातली. वाळूत जे रोज पाहिलं, ते एक दिवस पायऱ्यांवर चढलं.

सेनेका हा रोमन विचारवंत. एका दुपारी तो करमणुकीसाठी म्हणून आखाड्यात गेला. दुपारी गुन्हेगारांना विनाढाल एकमेकांसमोर सोडत. घरी येऊन त्याने मित्राला पत्र लिहिलं, त्याचा आशय असा, की माणसांत जाऊन आलो आणि पहिल्यापेक्षा निर्दय होऊन परतलो. त्याने कोणाला मारलं नव्हतं. तो फक्त बसला होता.

दुसरी गोष्ट चौथ्या शतकातली, आपल्या मुलांच्या वयाच्या जवळची. आजच्या अल्जेरियातल्या एका गावचा अलिपियस नावाचा तरुण कायदा शिकायला रोमला गेला. या खेळांचा त्याला तिटकारा होता. मित्रांनी त्याला ओढत नेलं. तो म्हणाला, माझं शरीर न्याल, डोळे कसे उघडाल? तो डोळे मिटून बसला. पण कान उघडे होते. कोणीतरी पडला, हजारो लोक एकदम ओरडले, आणि 'काय झालं ते नुसतं पाहावं' म्हणून त्याने डोळे उघडले. मग ते मिटलेच नाहीत. तोही ओरडू लागला, पुन्हा येऊ लागला, आणि पुढे इतरांनाही घेऊन येऊ लागला. त्याचा मित्र ऑगस्टीन याने आपल्या आत्मचरित्रात हे सांगितलं आहे. अलिपियस पुढे यातून सावरला, पण त्याला वेळ लागला.

हे सगळं थांबलं कसं? एका दिवसात नाही. खर्च झेपेना, साम्राज्य खिळखिळं झालं, ख्रिस्ती धर्मगुरूंनी विरोध केला, बादशहांनी हुकूम काढले आणि लोकांनी ते बरीच वर्षं मोडले. थिओडोरेट या लेखकाने एक हकीकत नोंदवली आहे. पूर्वेकडून आलेला टेलेमेकस नावाचा एक साधू रोममध्ये खेळ पाहायला बसला. बसवेना, तेव्हा उठला, खाली मैदानात उतरला आणि लढणाऱ्यांच्या मधे उभा राहिला. ग्लॅडिएटरांनी त्याला मारलं नाही. पायऱ्यांवरच्या लोकांनी दगड मारून त्याला ठार केलं, कारण त्याने खेळ बिघडवला होता. त्यानंतर सम्राट होनोरियसने या लढती बंद केल्या, असं थिओडोरेट सांगतो. जनावरांच्या शिकारी मात्र आणखी शंभरेक वर्षं चालूच राहिल्या. रोममधली शेवटची नोंद इ.स. ५२३ ची आहे.

मग या रिकाम्या पायऱ्यांचं काय झालं? ही गोष्टही ऐकण्यासारखी आहे. कोलोसियमच्या दगडांना जोडणारे लोखंडी आकडे लोकांनी उपसून नेले. देवीच्या व्रणांसारखी भोकं भिंतीवर आजही दिसतात. १३४९ च्या भूकंपात दक्षिणेची बाजू कोसळली, आणि तो दगड रोमच्या वाड्यांत आणि चर्चांत गेला. उरलेल्या भिंतींत झुडपं उगवली. रिचर्ड डीकिन या इंग्रजाने १८५५ मध्ये तिथे ४२० जातींच्या वनस्पती मोजल्या. अल-जेमचा दगड गावातल्या घरांना लागला. कैरुआनच्या मोठ्या मशिदीसाठीही तिथून दगड नेल्याचं सांगतात.

फ्रान्समधल्या नीमचं अ‍ॅम्फीथिएटर किल्ला झालं. आठव्या शतकात काही काळ हे शहर अरबांच्या ताब्यात होतं. इ.स. ७३७ मध्ये चार्ल्स मार्टेलने शहरावर चाल केली, तेव्हा या वास्तूलाही आग लावली. त्याच काळातल्या, किबल्याकडे तोंड करून दफन केलेल्या तीन कबरी नीममध्ये सापडल्या आहेत. २०१६ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला.

आर्लमध्ये तर अ‍ॅम्फीथिएटरच्या आत गावच वसलं. दोनशेहून अधिक घरं आणि दोन प्रार्थनाघरं. ज्या वाळूवर माणसं मेली, तिथे कित्येक शतकं चुली पेटल्या, पाळणे हलले, वाळत घातलेले कपडे वाऱ्यावर उडाले. बाहेरची भिंत टिकली ती या लोकांमुळे, कारण आपल्या घराची भिंत कोण पाडेल? एकोणिसाव्या शतकात प्राचीन वास्तू मोकळी करायची म्हणून ही घरं काढली. १८३० मध्ये तिथे पहिला कार्यक्रम झाला तो बैलांच्या शर्यतीचा. निमित्त काय, तर फ्रेंच फौजेने अल्जियर्स जिंकलं! जिथे शेकडो कुटुंबांनी संसार केले, त्या जागेवर लोक पुन्हा प्रेक्षक होऊन बसले, आणि टाळ्या वाजल्या त्या दुसऱ्याचं शहर पडल्याबद्दल.

सगळीकडे असं झालं नाही. इटलीतल्या व्हेरोनाच्या अ‍ॅम्फीथिएटरमध्ये १९१३ पासून संगीत नाटकं होतात. अल-जेमला दर उन्हाळ्यात संगीताचा महोत्सव भरतो. त्याच पायऱ्या, तसेच हजारो लोक, आणि खाली कोणी मरत नाही. म्हणजे दोष दगडाचा नाही. पायरी विचारत नाही, की तू काय पाहायला आला आहेस.

आता त्या मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. 'आपल्यासारखे?'

त्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत शाळेच्या मागच्या बाजूला दोन मुलांची मारामारी झाली. आम्ही धावत गेलो तेव्हा तीस-चाळीस मुलांनी गोल कडं केलं होतं आणि तीन हात वर होते. तिन्ही हातांत मोबाइल. शाळेत मोबाइलला बंदी आहे, ते सोडा. एकाच्या ओठातून रक्त येत होतं, आणि कड्यातला एक मुलगा ओरडत होता, "अरे, बाजूला हो, दिसत नाही!" आम्ही लढणाऱ्या दोघांना ऑफिसात नेलं, पालकांना बोलावलं, माफी मागायला लावली. कड्याला कोणीच काही विचारलं नाही. आम्हीसुद्धा नाही.

विचारणार कोणत्या तोंडाने? काही महिन्यांपूर्वी नातेवाइकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला होता. कुठल्याशा गावात जमाव एका माणसाला मारतोय. तो हात जोडतोय. आम्ही तो शेवटपर्यंत पाहिला. नीट कळलं नाही म्हणून पुन्हा पाहिला. मग खाली 'अफसोस' लिहून, रडका चेहरा टाकून दोन ग्रुपवर पुढे पाठवला. आपण फार मोठी हमदर्दी दाखवली असं वाटलं. घरी जेवताना मंडळींनाही दाखवायला गेलो, तर त्यांनी मोबाइल उलटा करून ताटाशेजारी ठेवला आणि म्हणाल्या, "अहो, या माणसाच्या अम्मीपर्यंत पण हे पोचलं असेल का? कोणीतरी असंच पाठवलं असेल ना?"

आम्हाला उत्तर सुचलं नाही. ज्याने तो व्हिडिओ काढला, तो मारत नव्हता. आम्ही तर मैलोन्मैल दूर होतो. पण काढणाऱ्याने तो काढला कशासाठी? आमच्यासारखे पाहणारे आहेत म्हणून. मॅजेरियसने बिबटे आणले तेही पाहणारे होते म्हणून. आम्ही बसलो होतो ती वरची रांग होती, जिथून माणूस बोटाएवढा दिसतो. फरक एवढाच, की रोमन माणसाला निदान चालत जावं लागे.

कोणी म्हणेल, जुलूम झाला तर तो जगासमोर यायला नको का? यायलाच हवा. पुरावा पोलिसांकडे, वकिलांकडे, जबाबदार पत्रकाराकडे पोचला पाहिजे, आणि शक्य असेल तिथे उठून मधे उभं राहिलं पाहिजे. पण जेवणाच्या ताटावर, लहान मुलांच्या देखत, एकामागून एक असे व्हिडिओ पाहणं म्हणजे साक्ष देणं नव्हे. साक्षीदार आणि प्रेक्षक शेजारी-शेजारी उभे असतात, दोघांना दिसतं एकच. साक्षीदार नंतर काहीतरी करतो. प्रेक्षक पुढच्या खेळाची वाट पाहतो.

पुढच्या ऑफ तासाला आम्ही त्या वर्गाला अलिपियस आणि टेलेमेकस यांच्या गोष्टी सांगितल्या. मुलीला सांगितलं, "हो बेटा, आपल्यासारखेच." मग आमची व्हिडिओची गोष्टही सांगितली. सरांनी असं केलं, हे ऐकून वर्ग गप्प झाला. मागच्या सुट्टीत कड्यात उभा असलेला एक मुलगा मान खाली घालून वहीवर रेघा ओढत बसला. त्याला आम्ही काही विचारलं नाही. त्याने तास संपल्यावर स्वतःच येऊन मोबाइलमधला तो व्हिडिओ आमच्यासमोर पुसला.

आमच्या घरी आता एक साधा नियम केला आहे. कोणाला मार बसतोय, कोणाची बेअब्रू होतेय असा व्हिडिओ आला, तर पूर्ण पाहायचा नाही आणि पुढे पाठवायचा नाही. खरंच मदत करता येण्यासारखी असेल, तर ज्याच्याकडे पोचवायला हवं त्याच्याकडे पोचवायचं, आणि आपल्याकडचा पुसून टाकायचा. आमची धाकटी हा नियम सगळ्यांत कडक पाळते. परवा खालाजानचा फोन आला, "तुम्हाला तो व्हिडिओ मिळाला का?" धाकटीने फोन घेतला आणि म्हणाली, "खाला, आमच्याकडे पायऱ्या काढून टाकल्यात."

खालाजानला काही कळलं नाही. हा अंक त्यांच्याकडेही जातो, तेव्हा आता कळेल. तुमच्या घरी हा नियम महिनाभर करून पाहा, आणि काय झालं ते आम्हाला पत्राने जरूर कळवा. वस्सलाम.